आम्ही थांबवलेली बदली

निवृत्त माणसाला दोन गोष्टी आपणहून मिळतात, गुडघेदुखी आणि एखाद्या संस्थेचं सचिवपद. मला दोन्ही एकाच उन्हाळ्यात मिळाल्या. गडचिरोलीच्या एसटी आगारात वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत बसून जन्मभर लोकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. आता सकाळच्या उन्हात खुर्ची टाकून पेपर वाचावा, एवढीच इच्छा उरली होती. पण चंद्रपूरच्या आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी संघाची बैठक भरली आणि सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं, की आपल्यात रिकामा माणूस एकच आहे. टाळ्या वाजल्या. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती कुकरची शिट्टी काढत म्हणाली, "त्या शाळेनं तुमाले पेन्शन लावली काय?"

सचिवाचं काम म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या भाजणं. वर्षातून एकदा स्नेहसंमेलन, त्याचा मंडप, त्याचं जेवण, पत्रिकेत कोणाचं नाव वर आणि कोणाचं खाली यावरचे रुसवेफुगवे. एरवी मोबाइलवरचा आमचा ग्रुप. तिथे सकाळी गुलाबाची फुलं येतात, दुपारी राजकारणावरून हमरीतुमरी होते आणि संध्याकाळी कोणाचे तरी वडील वारल्याची बातमी येते, तिच्याखाली जोडलेल्या हातांची रांग. हे सगळं मी वाचतो, कारण सचिवानं वाचायचं असतं. कंटाळा आलाय, असं मी दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी सगळे हसतात.

शाळा मिशनची, फक्त मुलांची, इंग्रजांच्या काळात बांधलेली. काळ्या दगडाच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, बाजूला चर्च. कोळशाच्या धुळीनं चंद्रपुरातली प्रत्येक इमारत काळवंडते, आमची मुळातच काळी होती म्हणून तिचं काही बिघडलं नाही. पुढच्या फाटकातून खाणीतल्या साहेबांची, वकिलांची आणि दुकानदारांची मुलं सायकलवर येत. मागच्या अंगाला बोर्डिंग होतं. तिथे आम्ही राहत असू, वैनगंगेपलीकडच्या जंगलातल्या गावांची आणि जिवतीच्या डोंगरातली पोट्टी. पुढच्या फाटकातली मुलं इस्त्री केलेली, आमच्या चड्ड्यांना ठिगळं. आज त्यांच्यातले बरेच जण परदेशात आहेत आणि तिथून ग्रुपवर सूचना देतात. उंटावरून शेळ्या हाकणं त्यांना छान जमतं.

आमचं घर मार्कंड्याच्या बाजूला, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत. घर बौद्ध, वडील मजुरी करणारे. मला मिशनमध्ये घालायचं ठरलं तेव्हा गावातल्या एकानं वडिलांना विचारलं, "पोट्ट्याले किरिस्ताव करतीन नं गा?" वडील म्हणाले, "अगुदर शायना करतीन. बाकीचं मंग पाहू." मी काही ख्रिस्ती झालो नाही, मला कोणी व्हायलाही सांगितलं नाही. आजही आमच्याकडे रविवारी सकाळी वंदना होते. शहाणा झालो की नाही, हे मात्र या वयात सांगणं कठीण आहे.

बोर्डिंग ज्यांच्या ताब्यात होतं ते फादर केरळातले. दीक्षा घेतल्यावर कोवळ्या वयात इकडे धाडले गेले आणि मराठी शिकले ती बोर्डिंगच्या पोरांकडून. त्यामुळे त्यांची मराठी पुस्तकातली नव्हती, धानाच्या बांधीतली होती. पुण्याकडचे साहेब तपासणीला आले, की हा उंच, काळासावळा, पांढऱ्या झग्यातला माणूस त्यांना म्हणे, "या नं साहेब, काऊन उभे राह्यले? इथी बसा." साहेब गडबडून जात आणि आम्ही खिडकीमागे खिदळत असू. पुढे ते मुख्याध्यापक झाले, मग निवृत्त झाले, तरी त्याच आवारात राहिले. चर्चच्या मागे एक खोली, पुढे लहानसा ओटा, ओट्यासमोर शेवग्याचं झाड. आमच्यापैकी कोणीही, कधीही तिथे गेलं तरी ते तिथेच असत. आम्हाला ते शेवग्याच्या झाडाइतकेच तिथले वाटत.

मागच्या हिवाळ्यात ग्रुपवर एक ओळ आली. फादरांची बदली झाली आहे, केरळात, त्यांच्या संस्थेच्या वृद्ध फादरांच्या घरात, ईस्टर झाला की जाणार. त्या दिवशी गुलाबाची फुलं थांबली. हा अन्याय आहे, असं एकानं लिहिलं. म्हाताऱ्या झाडाला उपटून दुसरीकडे लावतात काय, असं दुसऱ्यानं. ज्यानं आयुष्य आपल्याला दिलं त्याला शेवटी परमुलखात पाठवणार, असं तिसऱ्यानं, आणि त्या ओळीखाली इतके रडके चेहरे आले की माझा मोबाइल अडकला. परमुलूख म्हणजे केरळ, त्यांचा स्वतःचा मुलूख, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

आमचे अध्यक्ष कोळशाच्या ट्रकांचे ठेकेदार आहेत. बोर्डिंगमध्ये त्यांची खाट माझ्या शेजारी होती. मनानं दिलदार, आवाज मोठा, आणि एखादी गोष्ट मनावर घेतली की मागे हटणार नाही असा गडी. त्यांनी मला फोन केला. "सचिव, आपल्या बापाले नेऊन राह्यले अन् आपण बसून राह्यलो काय? उठ." दुसऱ्या दिवशी गांधी चौकापासून शाळेपर्यंत फ्लेक्स लागले. त्यावर फादरांचा हसरा फोटो, खाली अध्यक्षांचा त्याहून मोठा फोटो, आणि मधोमध 'फादर आमचेच!'

मी उठलो. सचिव उठला नाही तर कोण उठणार? गडचिरोलीहून मूलमार्गे चंद्रपूर, म्हाताऱ्यांच्या सवलतीच्या तिकिटावर, किती खेपा झाल्या याचा हिशोब मी ठेवला नाही. एका खेपेला सभेसाठी शाळेचा हॉल मागायला गेलो, तेव्हा फादर ओट्यावर बसले होते. मांडीवर टॉवेल, समोर सुपात शेवग्याच्या शेंगा.

"काऊन आला बे?" त्यांनी विचारलं. मी साठी ओलांडली तरी त्यांचं 'बे' सुटलं नव्हतं.

"काम होतं फादर," मी म्हणालो. आमचं ठरलं होतं की त्यांना काही सांगायचं नाही, सगळं पक्कं झालं की आनंदाचा धक्का द्यायचा. पण माझ्या पोटात काही राहत नाही. "तुमी चिंता करू नका फादर. आमी हाओत."

"कायची चिंता?"

"बदलीची."

त्यांनी शेंग हातात तशीच धरून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, म्हातारा मनातून सुखावला. मग ते म्हणाले, "चाय पेला काय?" मी चहा घेतला आणि समाधानानं बस पकडली.

आता आमच्या जेवणघरातली एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातून झालं. बोर्डिंगमध्ये पंगतीत कोणी स्वतःसाठी काही मागायचं नाही, असा नियम होता. भात हवा असेल तरी गप्प बसायचं. तुझ्या ताटात काय संपलं, हे तुझ्या शेजाऱ्यानं पाहायचं आणि त्यानं ओरडायचं, "याले भात!" किंवा "याले वरण!" तुम्ही आपल्या दुसऱ्या बाजूच्या पोराचं ताट पाहायचं. फादरही पंगतीला बसत आणि हाच नियम पाळत, त्यांच्या संस्थेतलीच ती जुनी रीत होती. पहिल्या आठवड्यात मी उपाशी उठलो, कारण माझ्या शेजारचा गडी स्वतःच्या भाताच्या ढिगापलीकडे बघतच नसे. मग हळूहळू सगळे शिकले. भांडण झालं की शेजारी सूड घेई. "याले कारलं द्या जी, त्याले भल्लं आवडते!" असं तो ओरडे, वाढणारा हसत हसत ताटात कारलं टाके, आणि टाकायला बंदी असल्यामुळे ते डोळे मिटून गिळावं लागे.

ही सवय आमच्यातल्या एकाचीही गेलेली नाही. लग्नाच्या पंगतीत बोर्डिंगची माणसं ओळखू येतात, रिकाम्या ताटासमोर मुकाट बसून दुसऱ्याला जिलेबी वाढायला लावणारी. घरी भाजीत मीठ कमी असलं तरी मी मागत नाही. बायको म्हणते, "तोंड हाय ना? मांगा." लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून मला जमलेलं नाही.

नागपूरला त्यांच्या संस्थेचे मोठे फादर बसतात. कोणाला कुठं पाठवायचं ते तेच ठरवतात. आम्ही गाड्यांचा ताफा घेऊन गेलो. डॉक्टर होते, माजी नगरसेवक होते, वकील होते, एक निवृत्त फौजदार होता. मोठे फादर वयानं आमच्याहून लहान, शांत, चष्म्याच्या वरून बघणारे. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न विचारला.

"फादरांची स्वतःची इच्छा काय आहे? तुमच्याशी ते काही बोलले का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. अध्यक्ष पुढे सरकले. एरवी त्यांना चार वाक्यं नीट बोलता येत नाहीत, पण त्या दिवशी त्यांच्या जिभेवर काय बसलं होतं कोण जाणे. "साहेब," ते म्हणाले, "फादर सोतासाठी कधी मांगणार नाईत. त्याईनंच आमाले शिकवलं. आपल्यासाठी मांगाचं नाई, शेजाऱ्यानं मांगाचं. आज थे गप बसून हायेत, तं आमी मांगून राह्यलो." मग त्यांनी पंगतीची ती सगळी गोष्ट सांगितली आणि सांगता सांगता त्यांचा आवाज कापला. फौजदारानं रुमाल काढला. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. इतकं खरं, इतकं आमचं असं काही मी त्याआधी कोणत्याही सभेत ऐकलं नव्हतं. मोठे फादर उठून खिडकीपाशी गेले, परत आले आणि म्हणाले, "मी विचार करतो."

बदली रद्द झाली. ग्रुपवर फटाक्यांची चित्रं फुटली. शाळेच्या मैदानात सत्कार झाला, शाल, श्रीफळ, डोक्यावर फेटा. त्या फेट्यात फादर अगदी नवरदेवासारखे दिसत होते. त्यांना माईक दिला. ते थोडं थांबून म्हणाले, "तुमी मले ठेवून घेतलं. आता ठेवा." लोक हसले, टाळ्यांचा कडकडाट झाला. मग पुलाव आणि बुंदीचं जेवण झालं. मी पहिल्यांदा मनाशी कबूल केलं की सचिवपद काही अगदीच वाया गेलं नाही.

ईस्टर आला, गेला. शाळेला सुट्ट्या लागल्या. फ्लेक्स वाऱ्यानं फाटले आणि चौकातल्या फळवाल्यांनी ते गाड्यांवर सावलीला बांधले. फादरांकडे जाण्याची आमच्यात चढाओढ लागेल, असं सत्काराच्या वेळी केलेल्या ठरावात लिहिलं होतं. पहिल्या महिन्यात काही जण गेले, फोटो काढले, ग्रुपवर टाकले. नंतर प्रत्येकाला वाटलं, दुसरा कोणी तरी जात असेल. चंद्रपुरात राहणाऱ्यांना वेळ नव्हता आणि मला, गडचिरोलीहून येणाऱ्याला, फादरांच्या डोळ्यांचे थेंब न्यावे लागत होते. रागावण्याचीही ताकद नव्हती. बसमध्ये बसल्यावर डोळा लागे आणि मूलला जाग येई.

एका दुपारी गेलो तर दार उघडं होतं. फादर खाटेवर बसून स्वतःशी बोलत होते. त्यांच्या भाषेत, एकेक शब्द, मध्ये थांबून. मला वाटलं प्रार्थना असेल. मी चपला काढून उभा राहिलो.

"ये," ते म्हणाले. "मासोळ्याईचे नाव आठवून राह्यलो."

"मासोळ्या?"

"आमच्या घरामागं खाडी होती. बाप जाळं टाके. लहान असताना सगळ्या मासोळ्याईचे नाव पाठ होते मले. आता एक येतच नाई. चपटी राहे, काळ्या पट्ट्याची. तोंडावर हाय, पण येत नाई. बहिणीले मालूम असन."

त्यांना बहीण आहे हे मला तेव्हा कळलं. धाकटी, विधवा, तिकडेच सुनेजवळ राहणारी. इतर भावंडं गेली. ज्या वृद्धांच्या घरात त्यांची बदली झाली होती, तिथून बहिणीचं गाव एका बसचं. हे त्यांनी असंच सांगितलं, डोळ्यांत थेंब टाकून घेता घेता, वर कौलांकडे बघत.

माझ्या हातातली बाटली तशीच राहिली. "फादर," मी विचारलं, "तुमाले जायचं होतं काय?"

थेंब गालावरून ओघळला तो त्यांनी टॉवेलनं टिपला.

"सांगा नं. जायचं होतं?"

"होतं," ते म्हणाले. "लय दिवसाचं होतं. इथी तुमच्याशी बोलतो, चांगलं वाटते. पण रातच्याले मनात जे येते थे त्या भाषेत येते, अन् थे कोणाले सांगू? इथले नवे फादर ओडिशाचे, झारखंडचे. चांगले पोट्टे हायेत. पण मले माझं कन्फेशन एकदा माझ्या आईच्या भाषेत कराचं होतं. मराठीत माणूस पापं सांगते, पण लहानपणचे पापं मराठीत नाई केले नं म्या."

"मंग तुमी बोलले काऊन नाई?"

"कोणाले बोलू? आमचं व्रत हाय. जा म्हणलं तं जाव, राह्य म्हणलं तं राहाव." त्यांच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "तुमाले मांगाचं शिकवलं, बराबर शिकवलं. पण मांगाच्या अगुदर ताट पाहाव लागते बाबू. तुमी पाहिलंच नाई."

परतीच्या बसमध्ये त्या दिवशी डोळा लागला नाही. मला सगळ्यांचा राग आला, अध्यक्षांचा, ग्रुपचा, त्या फौजदाराच्या रुमालाचा. सगळ्यात जास्त फादरांचा आला. ओट्यावर मी समोर बसलो होतो, चहा पीत होतो. एक शब्द टाकला असता तर? मग मला वाटलं, मीच कधी टाकतो शब्द? बायको शेजारी बसून 'मांगा' म्हणते तरी मला मीठ मागवत नाही.

मी अध्यक्षांकडे गेलो. त्यांच्या ऑफिसात थंड हवा होती आणि भिंतीवर सत्काराचा फोटो, फेट्यातले फादर मध्ये, अध्यक्ष त्यांचा हात धरून. मी सगळं सांगितलं. ते आधी हसले, मग त्यांना कळलं की मी थट्टा करत नाही.

"काऊन? त्याईले इथी काय कमी हाय?" ते म्हणाले. "एसी लावून देतो खोलीत. बाई ठेवून देतो सैपाकाले, केरळची पायजे असन तं केरळची आणतो."

"त्याईले बहिणीजवळ जायचं हाय."

"मंग बहिणीले इकडं आणू." मी नकारार्थी मान हलवली, तसे ते चिडले. "अन् आता नागपुरात जाऊन काय सांगू? रडून आलो मी तिथी. पेपरात फोटो आला. लोक काय म्हणतीन, याईच्याच मनाचा ठिकाणा नाई? म्हाताऱ्या माणसाचं आज एक राह्यते, उद्या दुसरं. तू मनाले लावून घेऊ नको." त्यांनी माझ्यासाठी लस्सी मागवली. ते वाईट मनानं बोलत नव्हते, हेच मला जड गेलं. फादरांवर त्यांचं प्रेम होतं आणि त्या प्रेमाचा कोणी दाखला मागावा हे त्यांना सहन होत नव्हतं.

नागपूरला मी एकटा गेलो, एसटीनं. मोठ्या फादरांनी मला लगेच ओळखलं. ऐकून घेतल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी बदली केली ती त्यांच्यासाठीच होती," ते म्हणाले. "त्यांनी मागितली नव्हती, पण मला कळलं होतं. मग तुम्ही इतके जण आलात. त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, तुम्ही ठरवाल तसं. मला वाटलं, माझंच चुकलं. या माणसाचं घर इथेच आहे."

"आता नाही का होणार काही?"

"ती खोली मी दुसऱ्या फादरांना दिली. त्यांचं अर्धं अंग गेलेलं आहे, त्यांना उठा म्हणता येत नाही. दुसरी रिकामी झाली की पहिलं नाव यांचं. पण रिकामी होणं म्हणजे काय, हे तुम्हाला समजतंय ना?"

समजत होतं. वृद्धांच्या घरातली खोली एकाच कारणानं रिकामी होते आणि त्याची वाट बघायला कोणाला सांगायचं नसतं. निदान महिनाभर बहिणीकडे जाऊन यायला परवानगी द्या, असं मी विचारलं. ते तत्काळ हो म्हणाले. मी बाहेर येऊन पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. बल्लारशाहून गाडी, खालची बर्थ, सोबतीला मी स्वतः जाईन, गुडघ्यांचं काय व्हायचं ते होवो, असं सगळं मनात मांडून टाकलं.

ऐन पावसाळ्यात, बर्थ मिळण्याच्या आधी, फादर न्हाणीघरात पाय घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, त्याचा खर्च अध्यक्षांनी एका शब्दानं उचलला आणि दवाखान्यात दोन्ही वेळ उभे राहिले, हे सांगायलाच हवं. पण डॉक्टर म्हणजे आमच्यातलाच एक माजी विद्यार्थी. तो मला व्हरांड्यात बाजूला घेऊन म्हणाला, "आता रेल्वेचं नाव काढू नको. इतका लांबचा प्रवास यांचं कमजोर झालेलं हृदय सहन करणार नाही. आता हे इथेच."

तेव्हापासून मी रविवारी वंदना झाली की निघतो. फादरांकडे जुना बटणांचा फोन आहे, त्यावर नुसता आवाज येतो आणि त्यात बहिणीकडचा कोणाचा नंबरही नव्हता. माझ्या मोबाइलवर चेहरा दिसतो. त्यांच्या बहिणीच्या सुनेचा नंबर मिळवायला मला नागपूर, केरळातलं कोट्टायम असे बरेच हेलपाटे फोनवरच घालावे लागले. पहिल्या दिवशी पडद्यावर एक पांढऱ्या केसांची बारीक म्हातारी आली, तिनं हात कपाळाशी नेला. मग फादरांनी काहीतरी विचारलं, हातानं चपटा आकार करून. म्हातारी खदखदून हसली आणि एक शब्द म्हणाली. फादरांनी तो शब्द दोनदा म्हटला. "हेच, हेच!" ते मला म्हणाले. "हेच नाव नं त्या मासोळीचं!" आणि ते हसायला लागले. मी बोर्डिंगमध्ये त्यांच्या हाताखाली वाढलो, त्यांना हसताना हजारदा पाहिलं असेल, पण हे हसू मी कधी पाहिलं नव्हतं. ते दुसऱ्या कोणाचं तरी वाटलं, एका पोराचं.

मी फोन धरून बसतो. मला एक अक्षर कळत नाही. हात दुखायला लागला की दुसऱ्या हातात घेतो. ते बोलतात, भांडतात, मध्येच एखादं गाणं म्हणतात, मध्येच दोघं मिळून प्रार्थना करतात. कधी फादरांना तिकडचा शब्द सापडत नाही आणि ते 'काऊन' म्हणून जातात, मग स्वतःच कपाळावर हात मारतात. तिकडे सूनही फोन धरून बसलेली असते. आम्ही दोघं कधी कधी पडद्याच्या कडेला एकमेकांना दिसतो आणि मान हलवतो. दोघांचीही मान अवघडलेली असते.

गेल्या रविवारी बोलणं संपत आलं होतं. फोन थोडा कलला आणि मी पडद्यात आलो असेन, कारण म्हातारी एकदम पुढे वाकून माझ्याकडे बघायला लागली. तिनं फादरांना काही विचारलं. फादर वर कौलांकडे बघायला लागले. तिनं पुन्हा विचारलं, या वेळी आवाज चढवून, माझ्याकडे बोट करून. फादरांनी दोन-चार शब्द म्हटले आणि मान हलवली. म्हातारीनं मला हात जोडले, मीही जोडले. मग फोन बंद झाला.

"बाई काय म्हणत होत्या?" मी विचारलं.

फादर पांघरूण नीट करत होते. "तुझ्याबद्दलच पुसत होती. ज्या लोकाईनं तुले घरी येऊ नाई देल्लं, त्याईतला हा व्हय काय, म्हणे."

"मंग?"

"नाई म्हटलं म्या," फादर म्हणाले. "थे दुसरे होते म्हटलं."